मिस्ट: वही-पेन घेऊन खेळायचा गेम

'मिस्ट' घेऊन काही महिने झाले, अजूनही रात्री जेवणं आटोपली की तासभर उघडतो. माझ्याकडे २०२१चं पीसी व्हर्जन आहे. मूळ गेम १९९३चा, रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या 'सायन' कंपनीने मॅकसाठी काढलेला. तेव्हा एकेका स्थिर चित्रावर क्लिक करत पुढे सरकायचं, आता गेममधल्या बेटावर आणि तिथल्या पुस्तकांतून ज्या वेगवेगळ्या जगांत जातो तिथेही मोकळं हिंडता येतं. २००२मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वांत जास्त खपलेला गेम हाच होता.

यात शत्रू नाहीत, टायमर नाही, मरणंही नाही. आणि काय करायचं हे कुणी सांगतही नाही. जमिनीखालच्या जनरेटरची बटणं दाबून अंतराळयानाला नेमके ५९ व्होल्ट द्यायचे. जास्त झाले की ब्रेकर पडतो, मग निमूटपणे खांबावर चढून तो वर करायचा. यानात एक ऑर्गन. लायब्ररीतल्या वहीत कुठल्या पट्ट्या ते काढलेलं असतं. त्या वाजवून ऐकायच्या आणि समोरचे स्लायडर त्याच सुरांवर आणायचे. माझा कान यथातथाच. पेटी शिकणारी भाची आली होती, तिला बसवलं, तिने दोन मिनिटांत लावून दिलं.

माझं सर्वांत आवडतं कोडं मात्र बोगद्यातल्या गाडीचं (थोडं फोडतोय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा). प्रत्येक फाट्यावर एक आवाज येतो. हेच आवाज दुसऱ्याच जगातला फिरता किल्ला दिशेप्रमाणे काढतो! एका जगात कानावर पडलेलं दुसऱ्या जगात कामी येतं, आणि गेम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हेडफोन लावूनच खेळा.

खटकणारंही आहे. लायब्ररीतल्या दोन पुस्तकांची लाल आणि निळी पानं या जगांतून शोधून आणायची, पण हातात एका वेळी एकच मावतं. दुसऱ्यासाठी त्याच जगात पुन्हा हेलपाटा. कोडं सुटलेलं असताना ही पायपीट निव्वळ कंटाळा आणते. बोगद्याची युक्ती कळल्यावरही प्रवास संपता संपत नाही.

नव्या व्हर्जनमध्ये कोड्यांची उत्तरं बदलून घ्यायची सोय आहे. दुसऱ्यांदा खेळताना ती जरूर चालू करा, नेटवरची तयार उत्तरं तिथे चालत नाहीत. रोज बसमध्ये पाच मिनिटं खेळायला काही हवं असेल, तर हा घेऊ नका.