टी.१६०००एम जॉयस्टिक: कित्येक महिने रोज वापरल्यावर

संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये विमान उडवायला जॉयस्टिक घ्यायला गेलं की दुकानदार आधी बटणं किती ते सांगतो. माझ्या मते बटणं सगळ्यात शेवटी बघावीत. आधी बघायचं ते हे, की दांडा मध्यावर सोडल्यावर शांत राहतो का, आणि तिथून केसभर हलवला तर विमानाला ते कळतं का. विमान उतरवताना शेवटच्या दोन मिनिटांत सगळं काम त्या केसभर अंतरातच होतं.

गेल्या पावसाळ्यात मी थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम घेतली. तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये छोटं सेसना १७२ आणि मोठं प्रवासी जेट एअरबस ए३२० ही दोन विमानं नियमित उडवते आहे.

त्याआधीची माझी स्टिक पोटेंशिओमीटरवाली होती. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब फिरवताना खरखर यायची, तो हाच भाग. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की आकडे उड्या मारायला लागतात. विंडोजच्या गेम कंट्रोलर्स विंडोमध्ये चौकोनात एक छोटं अधिकचं चिन्ह दिसतं. हात पूर्ण काढून घेतला तरी माझं ते चिन्ह थरथरत राहायचं. ती थरथर लपवायला डेडझोन वाढवावा लागतो, म्हणजे मध्याभोवतीची हालचाल सिम्युलेटरने मोजायचीच नाही. खरी अडचण इथून सुरू होते. सेसना ६५ नॉट वेगाने धावपट्टीकडे येतंय, नाक जरासं खाली गेलं. तुम्ही स्टिक हलकेच ओढता, काहीच होत नाही. आणखी ओढता आणि डेडझोन संपल्या क्षणी विमान एकदम नाक वर काढतं. मग ढकलायचं, मग परत ओढायचं, आणि विमान हेलकावे खात धावपट्टीवर पोचतं.

टी.१६०००एममध्ये मुख्य दोन अक्षांना, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, हॉल सेन्सर आहेत. चुंबक हलतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. घासणारं काही नाही, त्यामुळे झिजणारंही नाही. जाहिरातीत १६,००० गुणिले १६,००० रिझोल्यूशनचा मोठा गाजावाजा असतो. १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या, तिथून तो आकडा आला. हाताला एवढ्या पायऱ्या वेगळ्या जाणवत नाहीत. जाणवतं ते मध्यावरचं स्थैर्य. इतक्या महिन्यांनंतरही ते चिन्ह जागचं हलत नाही. डेडझोन मी शून्यावर ठेवला आहे, फक्त सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह, म्हणजे स्टिक किती हलवली की विमान किती हलेल ती रेषा, मध्याजवळ थोडा सपाट केला आहे. एवढ्यावर माझी लँडिंग्ज सुधारली, हे मी खात्रीने सांगते.

एअरबससाठी तर ही स्टिक फारच जुळते. ए३२०च्या कॉकपिटमध्ये मुळात साइडस्टिकच, म्हणजे वैमानिकाच्या बाजूला बसवलेली छोटी स्टिक, असते आणि ती सोडली की स्प्रिंगने मध्यावर येते. ३३ अंशांपर्यंत विमान कलतं करून स्टिक सोडली तर संगणक तोच कल धरून ठेवतो. टेबलावरच्या स्टिकचं वागणं अगदी तसंच. शिवाय कॅप्टन डावीकडे बसतो आणि डाव्या हाताने उडवतो. टी.१६०००एमच्या मुठीचे काही तुकडे बदलून ती डावखुरी करता येते. मी तशी करून घेतली, आणि एक मोठा फायदा झाला: उजवा हात माउसला मोकळा राहतो, त्यामुळे अल्टिट्यूडचा, म्हणजे उंची ठरवायचा, नॉब फिरवायला स्टिक सोडावी लागत नाही.

सेसनाचं तसं नाही. तिथे खरं तर योक, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगसारखा दांडा असतो, आणि ट्रिम (नाक हवं त्या जागी टिकवून ठेवायची सोय) लावला की हातावरचा दाब निघून जातो. टेबलावरची स्प्रिंग मात्र कायम मध्याकडेच खेचते. म्हणून ट्रिम वर आणि ट्रिम खाली ही दोन कामं हाताशी असलेल्या बटणांवर घ्याच. आधी स्टिकने नाक हवं तिथे धरा, मग हात सैल पडेपर्यंत ट्रिम द्या. बटणांमध्ये मला खरी गरज पडते ती या दोन बटणांची, ब्रेकची आणि आजूबाजूला बघायच्या हॅटची, म्हणजे मुठीच्या टोकावरच्या चारी बाजूंना ढकलता येणाऱ्या छोट्या बटणाची.

आता ट्विस्ट. मूठ पिळली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी, फिरतो, त्यामुळे रडर पायाने चालवायच्या पेडलचा खर्च वाचतो. साध्या उड्डाणाला हे पुरतं. पण पावसाळ्यात मुंबईच्या २७ धावपट्टीवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरून बघा. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे डावीकडून. नाक वाऱ्याकडे वळवून यायचं आणि टेकण्याआधी उजवा रडर देऊन ते सरळ करायचं, त्याच वेळी डावा पंख खाली धरायचा. म्हणजे एकाच मनगटाने मूठ उजवीकडे पिळायची आणि दांडा डावीकडे कलवायचा. पिळता पिळता कल निसटतो. हा कुठल्याही ट्विस्ट स्टिकचा मूळ स्वभाव आहे, महाग घेतली म्हणून तो जात नाही. सरावाने थोडं जमतं. मी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून फक्त मनगट वापरते. टी.१६०००एममध्ये ट्विस्टसाठी मात्र पोटेंशिओमीटरच आहे, हे घेण्याआधी माहीत असू द्या. रडरला थोडा डेडझोन दिलेला चालतो, कारण तिथे इतकी बारीक हालचाल लागत नाही.

तळावरची थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची, पट्टी छोटी आहे. एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट असल्यामुळे, म्हणजे इंजिनाची ताकद संगणकच सांभाळत असल्यामुळे, ती खटकत नाही. सेसनात हळूहळू पॉवर कमी करायची असेल तर वेगळा थ्रॉटल बरा. तळाखाली रबराची चटई घाला आणि स्टिक टेबलापेक्षा खाली, कीबोर्डच्या ट्रेवर ठेवा. खांदा उचललेला असला की तासाभरात मान धरते आणि हात जड पडतो.

बजेट कमी असेल तर लॉजिटेकची एक्स्ट्रीम ३डी प्रो बघा: १२ बटणं, ट्विस्ट, आणि आपल्याला हे वेड मानवतंय का ते कळायला पुरेशी. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हो. तिच्या स्प्रिंगा बदलता येतात, त्यामुळे मध्याजवळचा ताण आपल्या हाताला हवा तसा बसवता येतो. फक्त डावी की उजवी ते घेतानाच ठरवावं लागतं, कारण दोन्हींची मूठ वेगळी येते.

माझ्यासारखं दोन्ही विमानं उडवणाऱ्याने पुढचा पैसा आणखी भारी स्टिकवर न घालता रडर पेडलवर घालावा. पेडल आल्यावर टी.१६०००एमचा ट्विस्ट स्क्रूने लॉक करता येतो.