आठवणी वाचाव्यात की वर्तमानपत्रांच्या फायली?

1870 ते 1900 हा महाराष्ट्राचा काळ मुळातून वाचायचा ठरवलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे त्या पिढीची आत्मचरित्रं आणि आठवणी, दुसरी म्हणजे 'केसरी', 'सुधारक', 'दीनबंधु' यांचे जुने अंक. मी दोन्हींवर काही वर्षं घालवली आहेत.

आठवणी हाती धरल्या की सुटत नाहीत. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत शिकणाऱ्या सुनेची घरातल्या बायकांकडून जी कोंडी होते, ती कुठल्याही अग्रलेखात सापडायची नाही. 1891 साली मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय, दहावरून बारावर नेताना पुण्यात रणं माजली. टिळकांचा 'केसरी' विरोधात, आगरकरांचा 'सुधारक' बाजूने. पण जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ती मुलगी त्या रकान्यांत जवळपास बोलतच नाही. ही आठवणींची बाजू मी मनापासून मानतो.

माझं घोडं अडलं ते तारखांपाशी. एका आठवणीत वाचलं, 'प्लेग आला आणि आम्ही बिऱ्हाड हलवून गावाबाहेर झोपडीत गेलो.' बस, एवढंच. पुण्यात प्लेग 1897 च्या सुरुवातीला पसरू लागला, आणि सोल्जर घरोघर शिरून झडती घेऊ लागले ते मार्चपासून. कुटुंब फेब्रुवारीत निघालं असेल तर ते रोगाला भ्यालं. एप्रिलमध्ये निघालं असेल तर कदाचित झडतीला. एकाच वाक्याचे दोन वेगळे इतिहास होतात. मी मागची-पुढची पानं चाळली, कुठे सणाचा किंवा बारशाचा उल्लेख सापडतो का ते पाहिलं. काही लागलं नाही. मग हेच वारंवार होऊ लागलं: 'त्या सुमारास', 'पुढे एकदा', 'मी लहान असताना'. लिहिणाऱ्याचा यात दोष नाही, तीस-चाळीस वर्षांनी आठवून लिहिताना असंच होणार. पण मला राजकीय घडामोडींशी घरातली गोष्ट जोडायची होती, आणि सांधा नेमका तिथेच निखळत होता.

वर्तमानपत्राच्या माथ्यावर तारीख असते. शिवाय त्याला उद्याचं ठाऊक नसतं. 'केसरी' मंगळवारी निघायचा. 15 जून 1897 च्या अंकातल्या ज्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तो छापला गेला तेव्हा पुण्यातल्या प्लेग-बंदोबस्ताचा इंग्रज अधिकारी रँड जिवंत होता. त्याच्यावर गोळी झाडली गेली 22 जूनच्या रात्री. तो मजकूर आपण वाचतो तो पुढचं सगळं जाणून. छापणाऱ्याला ते माहीत नव्हतं, हे पानावरची तारीख पाहताना अंगावर येतं. आठवणीत हा अनुभव मला फारसा आला नाही, कारण तिथे शेवट आधीच लेखकाच्या हातात असतो.

फायलींचा त्रासही कमी नाही. सूची नाही, शाई फिकट, वाक्यं अर्धा रकाना लांब, आणि 'आमच्या व्यवसायबंधूंनी' म्हणजे नेमकं कोणी हे ओळखायलाच वेळ जातो. भांडणाची एकच बाजू वाचण्याचा धोका तर फारच मोठा. म्हणून 'केसरी' एकटा वाचू नये. संमतिवयासाठी शेजारी 'सुधारक' ठेवावा, आणि गिरणी कामगार, जोतीराव फुल्यांची सत्यशोधक चळवळ यांच्यासाठी 'दीनबंधु'. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं हे पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. पुण्यातल्या पेठांपलीकडे महाराष्ट्र होता, हे मला तिथेच पटलं.

तुम्हाला घर, नाती, बायकांचं जगणं हवं असेल तर आठवणींपासून निघालात तरी काही बिघडत नाही. राजकारण आणि समाज एकत्र पाहायचा असेल, तर मला वाटतं आधी एका वर्षाची फाईल घ्यावी. 1891 घेतलंत तर बरं. तिचे आठ-दहा अंक वाचून झाले की मग आठवणी उघडा. 'त्या सुमारास' म्हणजे साधारण कधी, याचा अंदाज तोवर आलेला असतो.