सीमेक ३.१०, ३.१६ की ३.२२? लायब्ररी सांभाळणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररी (इतरांच्या प्रकल्पांत वापरता येणारा तयार कोड) सांभाळणाऱ्याला सीमेकची, म्हणजे कोडची बांधणी करून देणाऱ्या साधनाची, किमान आवृत्ती कोणती मागायची, हे कधी ना कधी ठरवावेच लागते. नागपुरात आम्ही तिघे मित्र फावल्या वेळात नकाशांच्या फायली वाचणारी एक छोटी लायब्ररी सांभाळतो आणि आमच्यापुढे ३.१०, ३.१६ व ३.२२ असे तीन पर्याय होते. हे आकडे मनाचे नाहीत, उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १८.०४, २०.०४ आणि २२.०४ या आवृत्त्यांबरोबर अनुक्रमे हेच सीमेक मिळते.

३.१० ची बाजू भावनिक वाटली तरी पोकळ नाही. शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अजून १८.०४ चालते. विद्यार्थ्यांना तेथे प्रशासकाचे अधिकार नसतात आणि महाविद्यालयाच्या इंटरनेटवरील प्रॉक्सीच्या अडसरामुळे पिप या पायथनच्या साधनाद्वारे नवे सीमेक उतरवणेही जमत नाही; त्यामुळे "नवी आवृत्ती टाका" हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. मात्र या उदारतेची किंमत आपण मोजतो. बाहेरच्या लायब्ररी ओढून आणणारे फेचकंटेंट ३.११ मध्ये आले आणि ते सुटसुटीत करणारी आज्ञा ३.१४ मध्ये, म्हणजे ३.१० वर राहायचे तर ही सारी कामे स्वतः लिहून काढावी लागतात आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासावी लागतात.

जुना आकडा म्हणजे सर्वांची सोय, हा समजही खरा नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगती काढून टाकली, आणि ज्या प्रकल्पांनी किमान आवृत्ती २.८ लिहून ठेवली होती ते नव्या यंत्रांवर पहिल्याच पायरीला अडले. कोडमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. जुन्या माणसाची सोय म्हणून लिहिलेल्या एका ओळीने नव्या माणसाची वाट अडवली. ३.३१ पासून तर ३.१० च्या खालचा आकडा दिसला तरी इशारा मिळतो, म्हणजे आपला पहिला पर्याय नेमका काठावर उभा आहे. यावर उपाय म्हणजे किमान आवृत्तीच्या ओळीत "३.१६...३.३१" अशी कक्षा लिहिणे. त्यामुळे जुने सीमेक चालते आणि नव्या सीमेकला ३.३१ पर्यंतची धोरणे (सीमेकच्या वागणुकीचे नवे नियम) लागू करण्याची मुभा मिळते.

३.२२ घेतल्यास प्रीसेट, म्हणजे बांधणीच्या आधीच लिहून ठेवलेल्या मांडण्या, मिळतात, शिवाय आपला प्रकल्प स्वतंत्र बांधला जात आहे की दुसऱ्याच्या पोटात, हे सांगणारे ३.२१ मधील तयार चलही (व्हेरिएबल) मिळते. ते सोयीचे आहे खरे, पण ३.१६ वर तेच काम दोन निर्देशिका ताडून एका ओळीत होते. लायब्ररीच्या हेडर फायली (वापरणाऱ्याच्या कोडला लागणाऱ्या घोषणांच्या फायली) एकत्र नोंदवणारे संच ३.२३ मध्ये आले, म्हणजे ज्या सोयीसाठी उडी मारावी तीच नेमकी एक पाऊल पुढे राहते.

उबुंटू २०.०४ चा मोफत पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला, हे मान्य करूनही मी लायब्ररीसाठी ३.१६ निवडेन, कारण तिथे थांबल्याने आपले फारसे काही अडत नाही. स्वतंत्र ॲप्लिकेशन असते तर उत्तर निराळे होते. त्याला दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पात सामावायचे नसते, तेव्हा खुशाल ३.२८ मागावे. अट एकच: जो आकडा लिहू तो प्रत्येक बदलावर प्रत्यक्ष चालवून पाहायचा. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने अशा तपासणीसाठीची उबुंटू २०.०४ ची तयार यंत्रे एप्रिल २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ही तपासणी आता कंटेनरमध्ये, म्हणजे जुनी प्रणाली सोबत बाळगणाऱ्या बंदिस्त वातावरणात, करावी लागते. आमच्याकडे त्यासाठी दहा-बारा ओळी लागल्या.

प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांसाठी ३.१० वर चालणारी शेवटची शाखा (कोडची वेगळी सांभाळलेली प्रत) आम्ही ठेवली आहे. तिच्यात फक्त चुका दुरुस्त होतील, आणि उन्हाळी परीक्षा आटोपल्या की तीही बंद होईल.