टीसीआरटी 5000 : सेन्सर ठेवा, निळा बोर्ड काढा

चष्म्याला लावून पापणीची उघडझाप मोजायची म्हटली की बहुतेक जण टीसीआरटी 5000 चं तयार निळं मॉड्यूल आणतात. या सेन्सरमधला एलईडी न दिसणारा अवरक्त (आयआर) उजेड टाकतो आणि शेजारचा फोटोट्रान्झिस्टर परत आलेला उजेड मोजतो. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्टचे दिवस आले की हमखास हेच. किंमत शंभराच्या आत, आणि त्या पैशांत वरचा काळा सेन्सर उत्तम आहे. खालचा बोर्ड मात्र या कामाचा नव्हे.

बोर्डावरचा एलएम 393, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा कम्पॅरेटर, एकच ठरलेली पातळी धरून बसतो. मे महिन्यात नाकावर घाम आला, चष्मा दोन मिलिमीटर घसरला, की सकाळी स्क्रू फिरवून जुळवलेलं सगळं फुकट. शिवाय आयआर एलईडी सतत पेटलेला. 10 मिलिअँपिअर धरले तरी सीआर 2032 या बटणासारख्या सेलचे 220 मिलिअँपिअर-तास कागदावरही 22 तासांत संपतात, आणि एवढा प्रवाह सतत देणं या सेलला झेपतही नाही.

म्हणून सेन्सर डीसोल्डर करा, म्हणजे बोर्डावरून सोडवून घ्या, आणि साध्या कंट्रोलरला जोडा. एलईडी सेकंदाला 50 वेळा, दर वेळी 250 मायक्रोसेकंद पेटवा. सरासरी 125 मायक्रोअँपिअर होते, म्हणजे सुमारे 70 दिवस. प्रोसेसर आणि ब्लूटूथचा खर्च वेगळा. पापणी मिटून उघडायला निदान 100 मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात पाच वाचनं मिळतात. पल्स फार आखूड केली तर 10 किलोओहमच्या लोडवर (फोटोट्रान्झिस्टरला जोडलेल्या रेझिस्टरवर) फोटोट्रान्झिस्टर जागा होईपर्यंत एलईडी विझलेला असतो. सेलला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. नाहीतर सेल थोडा जुना झाला की पल्सच्या क्षणी व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर रीसेट होतो. प्रोग्राम अडकून एलईडी पेटताच राहिला तर डोळ्याला कळणार नाही, हा उजेड दिसत नाही. अडकलेला प्रोग्राम आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग चालू ठेवा. एलईडी पेटतोय का हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा दिसतं, फिकट जांभळं.

सेन्सर ते पापणी अंतर 10 ते 12 मिलिमीटर, रोख डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. 15 च्या पुढे सिग्नल फारच पडतो.

मिरामारच्या किनाऱ्यावर भर दुपारी मात्र याची खरी परीक्षा. सेन्सरला दिवसाचा उजेड अडवणारा डेलाइट फिल्टर आहे, पण उन्हातही एलईडीच्याच 950 नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग असतोच. एलईडी विझलेला असताना एक वाचन, पेटल्यावर दुसरं, मग वजाबाकी. उत्तर शून्याजवळच घुटमळत असेल तर ट्रान्झिस्टर उन्हाने आधीच सॅच्युरेट झालाय, म्हणजे त्याची कमाल गाठली गेलीय, लोड 2.2 किलोओहमवर आणा.

पातळी सॉफ्टवेअरमध्ये ठेवा: मागच्या दोन सेकंदांची सरासरी, आणि तिच्यापासून 80 ते 400 मिलिसेकंद टिकलेला बदल म्हणजे उघडझाप. एक सेकंदाहून लांबला तर डुलकीचा संशय घ्यायला हरकत नाही. पण पायऱ्या उतरताना किंवा मांडीवरचा मोबाइल बघताना पापणी अर्धी खाली येते, तेव्हाही हाच आकडा मिळतो. एकट्या सेन्सरला यातला फरक कळत नाही, जोडीला डोक्याची हालचाल आणि कल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर लागतो. पर्यटकांची गाडी रात्री दाबोळी विमानतळाहून आणणाऱ्याला जागं ठेवायची जबाबदारी या एकट्यावर टाकू नका.

आकार 10.2 बाय 5.8 बाय 7 मिलिमीटर, म्हणजे चष्म्यावर ठसठशीत दिसतो. ते खपत नसेल तर व्हीसीएनएल 4040 हा याच कामाचा छोटा सेन्सर बघा: 4 बाय 2 मिलिमीटर, उन्हाची वजाबाकी आतच. हाताने सोल्डर करणं मात्र जिकिरीचं.

खाऱ्या हवेत उघडे पाय लवकर हिरवे पडतात. जोडांवर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात द्या, फक्त सेन्सरच्या दोन भिंगांवर थेंब जाऊ देऊ नका.