कमिटीवाल्या सोसायटीत 9 महिने राहिल्यावर

आधीच्या ठिकाणी देखभालीला पगारी एजन्सी होती, इथं सगळं रहिवासीच बघतात, बिनपगारी, आपापली नोकरी सांभाळून. पहिल्या महिन्यात जाम भारी वाटलेलं. जिन्यातला दिवा गेला, ग्रुपवर टाकलं, अर्ध्या तासात सेक्रेटरी स्वतः स्टूल घेऊन हजर! एजन्सीकडनं नुसता तक्रार नंबर यायचा.

मग हळूहळू कळलं, कमिटीत नावं 7 असली तरी कामाची माणसं दोनच. त्यातले एक काका पाण्याचं बघतात. खाली 5 व्हॉल्व्ह आहेत, कुठला कुठल्या विंगचा ते फक्त त्यांच्या डोक्यात. ते आठवडाभर बाहेरगावी गेले, इकडं दुसऱ्याच कुणीतरी पंप चालू केला, खालची टाकी रिकामीय हे बघितलंच नाही, पंप कोरडा फिरत राहिला आणि सील गेलं. दोन दिवस बादल्या. आणि ग्रुपवर बोलणी कुणाला, तर काकांनाच, आत्ताच जायचं होतं का म्हणून! शेवटी मार्कर घेऊन मीच खाली गेलो, काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि एकेका व्हॉल्व्हशेजारी भिंतीवर लिहून आलो. 20 मिनिटांचं काम. (तेव्हापासून रात्री 11 ला पाण्याचे फोन मला येतात.)

वार्षिक सभेचं तर विचारूच नका. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरला नाही, अर्धा तास थांबून तीच सभा परत सुरू. पार्किंगवर दीड तास भांडण, हिशेब दोन मिनिटांत मंजूर. खरं बोलायला तिथंच पाहिजे होतं, कारण मेंटेनन्स वाढायला नको म्हणून सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठी बाजूला टाकायचे पैसे) इतकी वर्षं नावापुरतंच टाकलंय, आता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं की प्रत्येकाकडं एकदम मोठी रक्कम मागणार आणि सगळ्यात जास्त तेच ओरडणार ज्यांनी वाढ होऊ दिली नाही. थकबाकीदाराला नोटीस द्यायची तर तो शेजारचाच, रोज लिफ्टमध्ये गाठ पडणार, मग नोटीस राहते ड्रॉवरमध्ये.

अशा ठिकाणी घर बघत असाल तर गार्डन, जिम नंतर बघा, आधी मागच्या दोन सभांची इतिवृत्तं मागा. "देतो नंतर" म्हणाले की काय ते समजून घ्या.

मी तरी राहतोय इथंच. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, काका आता नको म्हणतायत, आणि ग्रुपवर कुणीतरी माझं नाव टाकलंय. खाली 14 अंगठे आलेत. मी अजून मेसेज उघडलाच नाही असं दाखवतोय.