स्वतःच्या मॉड्यूलचे स्वतःचे डायरेक्टिव्ह: आठ महिने वापरल्यावर

काम काय होतं ते आधी सांगतो. बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्याची साइट मी सांभाळतो. त्यांच्याकडं जुन्या अंकांची एचटीएमएल पानं ढिगानं पडून आहेत. युनिकोडच्या आधीची म्हणजे फॉन्ट असला तरच मराठी दिसणार, नाहीतर मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यात बेळगाव म्हटल्यावर एकच भाषा कुठली? काही फोल्डर जुन्या मराठी फॉन्टातली, काही नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप केलेली जाहीर नोटिसांची, आणि गेल्या काही वर्षांतली दोन्ही भाषांची नीट युनिकोडमधली. हजारो फाइली हातानं बदलण्यापेक्षा पान बाहेर जाता जाताच बदलावं म्हणून अपाचे २.४ या वेब सर्व्हरसाठी सी भाषेत एक मॉड्यूल, म्हणजे जोडायचा भाग, लिहिलं; त्यात बाहेर जाणारं पान बदलणारा आउटपुट फिल्टर. वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते ती मागं न्यायची, रफार पुढं आणायचा, ही त्यातली खरी मारामारी असेल असं वाटलं होतं. ती आठवड्यात मिटली. डायरेक्टिव्हांनी, म्हणजे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) लिहायच्या हुकमांनी मात्र दोन महिने खाल्ले, म्हणून हे त्यांच्याबद्दल.

तीन डायरेक्टिव्ह केले. लिपीबदल हा ऑन किंवा ऑफ. लिपीतक्ता म्हणजे कुठलं अक्षर कशात बदलायचं त्या फाइलीचा पत्ता. लिपीप्रकार म्हणजे कुठल्या एक्स्टेन्शनच्या फाइलींना हात लावायचा त्याची यादी. मॉड्यूलमध्ये कमांड रेकॉर्डचा एक तक्ता असतो, त्यात प्रत्येकाचं नाव, तो हाताळणारं फंक्शन, तो कुठं चालेल आणि मदतीची एक ओळ लिहायची. किती शब्द घ्यायचे हे मॅक्रोवरून, म्हणजे तयार साच्यावरून ठरतं: फ्लॅग म्हणजे ऑन किंवा ऑफ, टेक वन म्हणजे एक शब्द, इटरेट म्हणजे शब्दांची यादी वगैरे. इथं अपाचेला पैकीच्या पैकी. फ्लॅगवाल्या डायरेक्टिव्हपुढं कुणी 'यस' लिहिलं तर आपण एक ओळही न लिहिता तो सांगतो की ऑन किंवा ऑफच पाहिजे. इटरेट तर फारच सोयीचं. यादीत चार शब्द असतील तर आपलं फंक्शन चारदा बोलावलं जातं, तोडातोडी करायला नको.

आता दुखणं. प्रत्येक डिरेक्टरीसाठी आपली एक कॉन्फिगची पेटी बनते आणि बाहेरच्या डिरेक्टरीची पेटी आतल्या पेटीत मिसळायचं फंक्शन आपणच द्यायचं असतं. ते दिलंच नाही तर आतली पेटी बाहेरचीला सरळ झाकून टाकते. मी दिलं होतं, खरं चुकीचं दिलं होतं. पेटीसाठी मेमरीतली जागा पीकॅलॉक या फंक्शनकडून घेतली, ते सगळं शून्यानं भरून देतं. ऑफ म्हणजेही शून्यच. मिसळताना मी लिहिलं की आत शून्य असेल तर बाहेरचं घे. अंकांच्या फोल्डरला लिपीबदल ऑन होता, त्यातल्याच एका कन्नड फोल्डरला ऑफ, कारण ती पानं आधीच युनिकोडमध्ये होती. माझ्या कोडला तो ऑफ दिसलाच नाही. ती कन्नड पानं मराठी तक्त्यातून गेली आणि देवनागरीत बाहेर पडली.

छापखान्याच्या काकांचा फोन आला. "अरे, कानडी नोटीस उघडली तर मराठी दिसालंय. वाचता काही येईना, खरं मराठीच हाय की रे." सीमाभागात असली चूक कुणी चूक म्हणून घेत नाही, ती मुद्दाम केलीय असंच धरतात! त्या रात्री आधी ते फोल्डरच बंद केलं, मग कारण शोधत बसलो.

उपाय एका ओळीचा. पेटी बनवतानाच लिपीबदलमध्ये उणे एक ठेवायचा, त्याचा अर्थ 'कुणी काही सांगितलेलं नाही'. मिसळताना आत उणे एक असेल तरच बाहेरचं घ्यायचं. 'नको' म्हणणं वेगळं आणि काहीच न बोलणं वेगळं. लग्नाच्या बोलणीत बसलेल्या कुणालाही हे कळतं, मला कळायला कन्नड पान बिघडावं लागलं. एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या कोडमध्ये यासाठी 'अनसेट' नावाची खूण आणि मिसळायचे तयार मॅक्रो आहेत, तिथं ही चूक करणं जरा अवघड आहे. अपाचेत ते आपल्या अकलेवर सोडलंय. यादीच्या बाबतीत प्रश्न आणखी: आतली यादी बाहेरच्या यादीत भर घालणार की तिची जागा घेणार? मी जागा घेणारी ठेवली. कॉन्फिग वाचणाऱ्या माणसाला समोर दिसतं तेच खरं वाटतं.

दुसरी चूक हौसेची. काकांच्या पोराला एचटीअ‍ॅक्सेस या फोल्डरातच ठेवायच्या सेटिंगच्या फाइलीतून बदल करता यावेत म्हणून तिन्ही डायरेक्टिव्ह कुठंही चालतील असे ठेवले. पण त्या फाइलीतले डायरेक्टिव्ह दर विनंतीला नव्यानं वाचले जातात, आणि माझं लिपीतक्ता फंक्शन तिथल्या तिथं फाइल उघडून अख्खा तक्ता भरत होतं. म्हणजे दर पानामागं तक्त्याचं एक पारायण. गणपतीच्या दिवसांत जुने विशेषांक बघायला लोक आले आणि मशीन धापा टाकायला लागलं. आता लिपीतक्ता फक्त मुख्य कॉन्फिगमध्ये चालतो. पोरानं सवयीनं तो एचटीअ‍ॅक्सेसमध्ये लिहिला की पान पाचशे नंबरची चूक दाखवतं आणि लॉगमध्ये 'इथं चालत नाही' अशी ओळ पडते. त्याला राग येतो, येऊ दे.

बारीकसारीक: सर्व्हर सुरू होताना कॉन्फिग दोनदा वाचलं जातं. 'तक्ता वाचला' ही माझी ओळ दोनदा उमटली म्हणून एक अख्खी संध्याकाळ नसलेला बग शोधण्यात घालवली. डायरेक्टिव्हचं फंक्शन सगळं ठीक असेल तर नल, म्हणजे काहीच नाही, परत देतं, नाहीतर चुकीचा मजकूर; तो मजकूर अपाचे फाइलीचं नाव आणि ओळ नंबरासकट दाखवतो, हे फार आवडलं. मी हौसेनं तो मराठीत लिहिला. लॉगमध्ये देवनागरीचं एकही अक्षर उमटलं नाही, नुसत्या बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या रांगा. आता रोमन लिपीत मराठी लिहितो: 'takta sapadla nahi', म्हणजे 'तक्ता सापडला नाही'.

इफमॉड्यूलबद्दल, म्हणजे मॉड्यूल चढलेलं असेल तरच आतल्या ओळी वाचायला लावणाऱ्या वेष्टनाबद्दल, मात्र माझं मत पक्कं झालंय. मॉड्यूल नसेल तर सर्व्हर अडू नये म्हणून आपले डायरेक्टिव्ह त्यात गुंडाळा असा सल्ला बरेच जण देतात. मी गुंडाळले होते. नव्या मशीनवर जाताना मॉड्यूल चढवणारी लोडमॉड्यूलची ओळ राहून गेली, सर्व्हर मुकाट सुरू झाला, आणि चार दिवस जुने अंक भेळ दाखवत राहिले. कुणी सांगितलंही नाही, लोकांना सवयच होती ना. ते गुंडाळणं काढून टाकलं. आता मॉड्यूल नसेल तर अपाचे पहिल्याच डायरेक्टिव्हवर 'ही कमांड ओळखीची नाही' म्हणून सुरूच व्हायला नकार देतो.

घ्यावं का हे? एकच साइट आणि एकच भाषा असेल तर नका या भानगडीत पडू, एकदा स्क्रिप्ट चालवून फाइली बदलून मोकळे व्हा. आमच्यासारखी फोल्डरागणिक भाषा बदलत असेल तर डिरेक्टरीनिहाय कॉन्फिगसारखी सोय दुसरी नाही. नुडीचा तक्ता अजून अर्धा आहे. ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं, जागेवर बसत नाहीत, म्हणून त्या फोल्डरला सध्या लिपीबदल ऑफ. आणि आता तो ऑफच राहतो.