भाव नंतर करू, माल आत्ता टाका

2023 च्या खरिपाची 52 क्विंटल मका मी एका खासगी गोदामात ‘ठेवायला’ दिली. ती परत मिळाली नाही आणि तिचे पैसेही मिळाले नाहीत. माझ्यासारखे आमच्या आणि शेजारच्या चार गावांत बरेच जण आहेत. यंदाही मळणी सुरू झाल्याबरोबर अशीच बोली घेऊन पिकअप फिरायला लागल्या आहेत, म्हणून घडलं ते सगळं लिहितो.

मी नाशिक जिल्ह्यातल्या येवला तालुक्याच्या पूर्व भागातला. आमच्या शिवाराला कालवा नाही, जे काही आहे ते विहिरीवर आणि पावसावर. त्या वर्षी पेरणीच जुलैत झाली. मका तुऱ्यात आली आणि पावसानं दडी मारली. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. कणसं दिसायला कणसं होती, पण शेंड्याकडचा तिसरा हिस्सा रिकामा. 31 ऑक्टोबरला सरकारनं राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले येवला, मालेगाव आणि सिन्नर होते. सहा एकरांत एरवी 130 क्विंटलच्या आसपास मका होते, त्या साली 58 निघाली. सहा क्विंटल गाईंसाठी घरात ठेवली. उरलेल्या 52 वर सोसायटीचं कर्ज, मुलीची फी आणि उन्हाळ्यातला चारा, सगळं बसवायचं होतं.

जो तो एकच बोलत होता, मका आत्ता विकू नका. कोंबडीच्या खाद्यात अर्ध्याहून जास्त मका असते, पोल्ट्रीवाल्यांना ती घ्यावीच लागते, आणि दुष्काळानं माल कमी. डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, जानेवारीत मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला 5 रुपये 79 पैशांनी वाढवून 71 रुपये 86 पैसे केला. म्हणजे मक्याला मागणी वाढणार हा आमचा अंदाज खोटा नव्हता. अडचण साठवणुकीची होती. कांदा चाळ रिकामी होती, पण चाळीला बाजूनं फटी असतात, कांद्याला वारा लागावा म्हणून. पाऊस आडवा आला की मका भिजते. त्यामुळे माल खळ्यावर ताडपत्रीखाली.

26 नोव्हेंबरच्या रविवारी जिल्ह्यात गारपीट झाली. निफाडकडच्या द्राक्षबागा झोपल्या, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. आमच्या खळ्यावर ताडपत्री उडाली आणि ढिगाची एक बाजू चिंब झाली. दोन दिवस उलथापालथ करून वाळवली, तरी बाजार समितीत नेली तेव्हा ओलावा 18 टक्क्यांच्या वर भरला. बोली लागली क्विंटलला 1,760 रुपयांची. त्या वर्षीचा हमीभाव 2,090 होता, पण तो 14 टक्क्यांच्या आतल्या मालाला. ट्रॉली परत आणली.

दुसऱ्याच दिवशी माणूस दारात. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीनं आलेला, बोलायला अतिशय गोड. म्हणाला, “नाना, ओली मका ताडपत्रीत ठेवली तर बुरशी धरंल. मग पोल्ट्रीवाला हात लावत नाही. आमच्या गोदामात टाका, आम्ही वाळवून घेऊ. भाडं नाही, हमाली आमची. भाव तुम्ही म्हणाल त्या दिवशी करू.” बुरशीचं तो खरंच बोलत होता. पाण्याचा ताण बसलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, लवकर धरतं, आणि खाद्य कारखाने त्याची तपासणी करतात. खऱ्या भीतीवर त्यानं सौदा उभा केला. वर 10,000 रुपये उचल हातावर ठेवली. पैसे देणारा माणूस फसवेल असं कुणाच्या मनात येत नाही.

भुईकाटा त्याच्या ओळखीचा, ओलाव्याचं यंत्र त्याचंच. मिळाली ती एक पिवळी चिठ्ठी. तिच्यावर तारीख, माझं नाव, ‘मका जमा’ आणि वजन. दर नाही, ओलावा नाही, परवाना क्रमांक नाही. ‘जमा’ हा शब्द तेव्हा मला दिलासा देणारा वाटला होता. म्हणजे मका माझीच आहे, फक्त त्याच्या छपराखाली आहे. पुढे वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की भाव ठरलेला नाही, मुदत नाही आणि माल हलवायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अशा व्यवहारात आपण माल ठेवत नसतो, बिनव्याजी, बिनतारण उधार देत असतो.

माझ्या बायकोनं गोण्यांची तोंडं शिवताना प्रत्येकीला जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली होती, आपल्या गोण्या ओळखू याव्यात म्हणून. संक्रांतीनंतर मी गोदामावर गेलो तर एकही हिरवी चिंधी दिसेना. तिथला पोरगा म्हणाला, वाळवायला ढीग केलाय, गोण्या बदलल्या. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण थप्प्या नोव्हेंबरात जेवढ्या होत्या तेवढ्याच होत्या, आणि दोन महिने रोज नव्या ट्रॉल्या येत होत्या. आत येणारा माल कुठून तरी बाहेर जात होता. रस्त्याकडेच्या वस्तीवरचे लोक रात्री ट्रक भरताना बघत होते. मी ते सगळं ऐकलं आणि घरी आलो. तो दिवस अजून मनातून जात नाही. त्या दिवशी ओरडलो असतो तर निदान निम्मी मका तिथे होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी भाव केला, 2,250. एकूण 1,17,000, उचल वजा जाता 1,07,000. त्याआधी गावातल्या दोन मोठ्या शेतकऱ्यांना त्यानं चार दिवसांत रोख दिली होती आणि ती गोष्ट पारावर सगळ्यांना माहीत होती. मला 20 एप्रिलचा चेक दिला. 20 तारखेच्या आदल्या दिवशी फोन, “नाना, खाद्य कारखान्याकडून पैसे अडकलेत, आठ दिवस चेक टाकू नका, परत गेला तर तुमचंही नाव खराब होईल.” आठ दिवसांचे पंधरा झाले. कधी त्याच्या घरात लग्न, कधी त्याच्या वडिलांचं आजारपण. मी पेरणीच्या घाईत. जुलैच्या शेवटी बँकेत गेलो तर चेकची तीन महिन्यांची मुदत 20 जुलैलाच संपली होती.

मी हरलो ते इथे, आणि कुणी काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावाच लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात. नाही भरले तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख चुकली की 138 कलमाचा, म्हणजे चेक परत गेल्याच्या खटल्याचा, दरवाजा जवळजवळ बंद होतो. “चेक टाकू नका” ही विनंती आली की दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जा. आमच्या गावातल्या एका विधवा बाईंनी कुणाचं न ऐकता वेळेत चेक टाकला, त्यांची केस आज उभी आहे. माझी नाही.

ऑगस्टात गोदामाला कुलूप लागलं. फोन बंद. आम्ही अकरा जण पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा आधी सांगितलं गेलं की हा देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली होती. त्या वेळची कात्रणं आमच्यातल्या एकानं सोबत आणली होती, ती पुढे केली. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्यावर एकाच हस्ताक्षराचा नमुना दिसला आणि गुन्हा दाखल झाला. नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला आणि गुन्हा त्याआधी घडलेला, म्हणून जुन्या दंड संहितेच्या 420 (फसवणूक) आणि 406 (विश्वासघात) कलमांखाली. पंचनाम्यात गोदामाच्या कोपऱ्यात रिकाम्या गोण्यांचा ढीग निघाला. त्यातल्या काहींना हिरवी चिंधी होती.

मका राखायचीच असेल तर वाट आहे, आणि ती मला त्या वर्षीही खुली होती. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीमार्फत वाळलेली, साफ मका गोदामात ठेवायची, किमतीच्या 75 टक्के कर्ज सहा टक्के व्याजानं 180 दिवसांसाठी मिळतं. माझ्या 52 क्विंटलचा हिशोब हमीभावानं धरला तर 81,510 रुपये हातात आले असते आणि सहा महिन्यांचं व्याज सुमारे 2,400. भाडं वाचवायला मी 1,07,000 घालवले. आपली समिती योजना राबवते का, ते मळणीच्या आधी जाऊन विचारा. वखार महामंडळाच्या गोदामाची पावतीही बँकेत चालते. दारात खरेदीला आलेल्याकडे बाजार समितीचा किंवा पणन संचालकांचा थेट पणन (शेतकऱ्याकडून थेट खरेदीचा) परवाना मागा, त्याचा फोटो काढा. समितीत विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी मिळाले पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे “नंतर” म्हणणाऱ्यालाच खोदून विचारायचं.

घरी ठेवणार असाल तर मका खरोखर वाळली का ते बघायला यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्या. मी आता पत्र्याच्या खोलीत लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब थप्पी लावतो.

आमची पुढची तारीख अजून लागायची आहे. आतापर्यंत सव्वीस जणांचे जबाब झालेत, पण चिठ्ठ्यांवरचे क्रमांक बघितले तर मका टाकणारे याच्या कितीतरी पट असावेत. बरेच जण लाजेनं गप्प बसलेत. काहींनी चिठ्ठी चुलीत घातल्याचंही ऐकलं. येवला, नांदगाव किंवा वैजापूरकडच्या कुणाकडे ‘मका जमा’ लिहिलेली, दर नसलेली पिवळी चिठ्ठी असेल तर ती फाडू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, काट्याची पावती आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा, आणि या महिन्यातच तालुका पोलीस ठाण्यात जबाब द्या.